घरी म्युझिक सर्व्हर बांधताय? गोव्याच्या हवेत या चुका टाळा

घरी म्युझिक सर्व्हर, म्हणजे गाण्यांच्या फाइल साठवून वाजवणारा कॉम्प्युटर, बांधणारे हल्ली पणजी, मडगाव, म्हापसा सगळीकडे भेटतात, आणि बहुतेकांचा सगळा पैसा डॅक (डिजिटल फाइलचा अँपला चालणारा सिग्नल करणारं यंत्र) आणि केबलवर जातो, सर्व्हर मात्र घरातला जुना डेस्कटॉप, तोही थेट स्पीकरच्या शेजारी. मग अभिषेकीबुवांच्या मैफलीचं रेकॉर्डिंग लावलं की तानपुऱ्याच्या आधी पंख्याची घरघर ऐकू येते. सर्व्हरचं काम एवढंच, फाइल आहे तशी डॅकपर्यंत पोचवायची आणि स्वतः आवाज करायचा नाही.

म्हणून पहिली गोष्ट, तो ऐकायच्या खोलीत ठेवूच नका. आतल्या खोलीत ठेवा, लॅन केबल ओढा आणि डॅकजवळ फक्त एक छोटा रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा कॉम्प्युटर) ठेवा, त्याला पंखा लागत नाही. वायफायने भागेल असं वाटतं पण आपल्या जुन्या घरांच्या चिऱ्याच्या जाड भिंती सिग्नल खाऊन टाकतात, आणि मग गाणं मध्येच अडकलं की लोक सॉफ्टवेअर बदलत बसतात. २४ बिट १९२ किलोहर्ट्झच्या स्टिरिओ फाइलला सुद्धा दहा एमबीपीएसपेक्षा कमीच लागतात, म्हणजे साधी १०० एमबीपीएसची लॅनही भरपूर झाली.

खोलीतच ठेवायचा असेल तर इंटेल एन१०० सारख्या ६ वॉटच्या प्रोसेसरचा फॅनलेस मिनी पीसी घ्या, आत एसएसडी. पण फॅनलेस म्हणजे त्याची बॉडीच हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी, ती काचेच्या शोकेसमध्ये कोंडली की मे महिन्यात मशीन तापून स्लो होणारच, चारी बाजूंनी हवा खेळू द्या. पंखा घालायचाच तर १२० मिलिमीटरचा हळू फिरणारा घाला, ४० मिलिमीटरचे छोटे पंखे फार किरकिरतात.

आता हम, म्हणजे सतत येणारी गुणगुण. यात लोक सगळ्यात जास्त गोंधळतात म्हणून नीट सांगतो. आधी अँप बंद करा. तरी गुणगुण येतेय? मग ती हार्डडिस्कची किंवा पंख्याची, ७२०० आरपीएमची डिस्क १२० हर्ट्झला थरथरते आणि लाकडी टेबल तो आवाज वाढवतं, खाली रबराचे पाय लावून बघा. अँप बंद केल्यावर आवाज गेला तर अँप परत चालू करून डॅकची यूएसबी काढा. हम थांबला तर बहुतेक ग्राउंड लूप, म्हणजे अर्थिंग दोन वाटांनी जोडलं गेल्यामुळे केबलमधून फिरणारा नको असलेला करंट. मग टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सची डिशकडून येणारी केबल काढून बघा, बऱ्याचदा तो बॉक्स अँपला जोडलेला असतो आणि लूप त्या केबलमधून होतो. सर्व्हर, डॅक, अँप एकाच एक्स्टेंशनवर घ्या, किंवा ऑप्टिकल केबल वापरा, तिच्यातून वीज जातच नाही त्यामुळे लूप तुटतो. काही जण प्लगची अर्थिंगची पिन काढतात, ते अजिबात करू नका, जिवाशी खेळ आहे तो. आणि फक्त लाईट गेल्यावरच अँप गुरगुरत असेल तर इन्व्हर्टर तपासा, स्क्वेअर वेव्हवाला असेल तर अँपचा ट्रान्सफॉर्मर आवाज करणारच, त्याला प्युअर साइन वेव्हच हवा.

पावसाळ्यात सर्व्हर महिनोन्महिने बंद ठेवणं ही पण चूक. चालू मशीन थोडं कोमट राहतं त्यामुळे दमट हवा आत बसत नाही. किनाऱ्याजवळच्या घरात आरसीए प्लगवर (डॅक आणि अँप जोडणाऱ्या केबलच्या टोकांवर) हिरवट थर चढतो आणि मग एका बाजूचा आवाज खरखरतो किंवा गायब होतो, प्लग काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवीन डॅक घ्यायच्या आधी हे करून बघा. गडगडाट सुरू झाला की प्लग काढाच, गच्चीवरून तांब्याची केबल आली असेल तर ती पण.

सेटिंगमधली चूक कानाला पटकन कळत नाही. सीडीची फाइल ४४.१ किलोहर्ट्झची, पण लिनक्सवर पाइपवायर हा आवाज सांभाळणारा प्रोग्राम डीफॉल्टने सगळं ४८ वर चालवतो, म्हणजे गाणं वाटेत बदललं जातं. डॅकच्या डिस्प्लेवर ४८ दिसलं की समजा. प्लेअरला डॅक थेट अल्सामधून (लिनक्सचा आवाजाचा खालचा थर) द्या, विंडोजवर त्यासाठी वासापी एक्सक्लुझिव्ह मोड निवडा, आणि सॉफ्टवेअरचा व्हॉल्यूम फुल ठेवून आवाज अँपवर कमीजास्त करा. गॅपलेस (ट्रॅकच्या मध्ये न थांबता वाजवणं) पण चालू ठेवा, नाहीतर मैफलीच्या दोन ट्रॅकच्या मध्ये आलाप तुटतो.

टॅग, म्हणजे फाइलमधली गायक-अल्बमची माहिती, पहिल्या दिवसापासून एकाच पद्धतीने भरा. मोगूबाई कुर्डीकरांचं नाव तीन स्पेलिंगने लिहिलंत तर लायब्ररीत तीन वेगळ्या गायिका दिसतात, आणि नंतर ते निस्तरताना जीव जातो.

आणि रेड, म्हणजे दोन डिस्कवर एकच डेटा एकदम लिहिण्याची सोय, हा बॅकअप नव्हे. चुकून डिलीट झालेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच जाते. तासाभराची सीडी फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता लहान केलेली फाइल) साधारण ३०० ते ४०० एमबी, म्हणजे एक टीबीत अडीच ते तीन हजार सीडी मावतात, तेव्हा बाहेरची एक डिस्क घेऊन सगळं कॉपी करा, दुसऱ्या घरी ठेवा, आणि पावसाळा सुरू व्हायच्या आधी तिच्यावरची दोनचार गाणी खरंच वाजवून बघा.