गाळ ओला आहे तोवर काढा: खचलेल्या दिवसांत देवाची वाट कशी बघायची

२०२४ च्या ऑगस्टमधे विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा बडोद्यात आमच्या तळमजल्यात छातीएवढं पाणी होतं. पिठाची चक्की, तिची मोटर, गव्हाच्या गोण्या, सासूबाईंचं पवित्र शास्त्र म्हणजे बायबल, सगळं त्यात. (विश्वामित्रीतल्या मगरीचं विचाराल तर हो, गल्लीच्या तोंडाशी दिसली म्हणे, मी काही बघायला गेले नाही.) तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं आणि मी पायरीवर बसून रडतेय तर शेजारच्या काकू गॅलरीतून ओरडल्या, अगं रडतेस काय, गाळ काढ आधी, वाळला की सिमेंट होतो!

काकूंचं गाळाबद्दल शंभर टक्के खरं होतं, फक्त त्यांना वाटत होतं रडणं वेगळं आणि गाळ काढणं वेगळं. मला फार नंतर कळलं की मनाच्या बाबतीत ते एकच काम आहे, आणि तेही ओलं असतानाच करायचं असतं.

तर पहिलं काम, बायबलमधलं विलापगीत उघडा. ई.स.पू. ५८६ मधे बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यहुद्यांचं यरुशलेम जाळलं, मंदिर पाडलं, त्यावरचं हे रडणं आहे. पाच कविता, त्यातल्या पहिल्या चार इब्री भाषेच्या २२ अक्षरांच्या क्रमाने जातात, म्हणजे आपण अ पासून ज्ञ पर्यंत दुःख लिहावं तसं, काही शिल्लक ठेवायचं नाही. देवाची दया रोज सकाळी नवी होते हे वचन तिथलंच, तिसऱ्या अध्यायातलं, गुड मॉर्निंगच्या फोटोवर फुलांसकट येतं ना तेच. पण त्याच्याआधी ६५ वचनं नुसती रडण्याची आहेत हे फोटो पाठवणारा सांगत नाही. तुम्हीही वही घ्या आणि लिहा, कोणाचा राग आलाय, काय गेलं, देवाचा राग आला असेल तर तोही. शेवट गोड करायची घाई नको, ८८ वं स्तोत्र अंधारातच संपतं आणि तरी ते शास्त्रात आहे.

दुसरं म्हणजे जेवा आणि झोपा. अशा वेळी लोक उपास-प्रार्थना सांगतात, मला ते पटत नाही, निदान पहिल्या दिवसांत तरी नाही. बायबलमधला एलिया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही, भाकर आणि पाणी दिलं, तो झोपला, परत उठवून परत खायला घातलं. आणि जगायलाच नको असं वाटत असेल तर एकटं राहू नका, घरात कोणाला तरी सांगा आणि १४४१६ ला फोन करा, टेली मानस, मानसिक त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो.

मग काम, पण आपल्या दारापुरतं. नहेम्याने यरुशलेम शहराचा पडलेला कोट ५२ दिवसांत परत बांधला हे सगळ्यांना पाठ असतं, पण त्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय वाचा, कितीतरी जण फक्त आपापल्या घरासमोरचा तुकडा बांधतायत. आणि मधेच लोक म्हणतातही की ढिगारा फार आहे, अंगात जोर उरला नाही. आम्ही पहिला आठवडा फक्त ओटा धुतला, मोटर रिवाइंडला दिली, बास.

आता सगळ्यात अवघड, देवाला तारीख आणि डिझाइन देऊ नका. बाबेलात कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलेलं यिर्मया २९:११ हे वचन मगवर छापलेलं असतं, तुमच्याविषयीच्या माझ्या योजना हिताच्या वगैरे, पण त्याच्या बरोब्बर आधीच्या वचनात सुटकेला ७० वर्षं लिहिलीत, आणि त्याच्याही वर लिहिलंय की तोवर तिथे बाबेलातच घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा. योएलाच्या पुस्तकातही टोळांनी खाल्लेल्या वर्षांची भरपाई करीन म्हटलंय, वर्षांची, तेच कणीस परत दांड्याला चिकटवीन असं नाही. पंडिता रमाबाईंचं बघा, दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली, १८८२ ला नवरा कॉलऱ्याने गेला, ती माणसं परत आली नाहीत. पण १९०० मधे आपल्या गुजरातेत छप्पनियाचा (संवत १९५६ चा) दुष्काळ होता तेव्हा याच बाईंनी इथल्या उपाशी मुली पुण्याजवळ केडगावला आपल्या मुक्ती मिशनमधे नेल्या.

आणि परत उभं राहिल्यावरही रडू आलं तर घाबरू नका. एज्राच्या पुस्तकात यरुशलेमला नव्या मंदिराचा पाया घातला तेव्हा जुनं मंदिर पाहिलेली म्हातारी माणसं मोठ्याने रडली, इतकी की आनंदाचा आवाज कुठला आणि रडण्याचा कुठला ते कळेना. आमची चक्की सुरू झाली त्या दिवशी पहिलं दळण बाजरीचं निघालं आणि सासूबाई डोळ्याला पदर लावून बसल्या. त्यांच्यासाठी नवं शास्त्र आणलंय, पण जुन्यातल्या चाळीस वर्षांच्या पेन्सिलच्या खुणा गेल्या त्या गेल्याच. आता रोज दुपारी चष्मा लावून, आठवून आठवून परत खुणा करतात, सध्या स्तोत्रसंहितेत आहेत.