लस घेतल्यावर व्यायाम कधी, किती?

मी रोज पहाटे धावते आणि आठवड्यातून ३ दिवस वजनं उचलते. लस घेतली की पहिला प्रश्न हाच पडतो: उद्या काय करू?

लस टोचल्यावर १५ ते ३० मिनिटं तिथेच बसा. क्वचित येणारी तीव्र अ‍ॅलर्जी बहुधा याच वेळात दिसते. त्या दिवशी मी फक्त चालते, तेही बोलता बोलता धाप लागणार नाही इतक्याच वेगानं.

सुई दंडाच्या वरच्या स्नायूत जाते, म्हणून तिथे १-२ दिवस ठणकतं. हात बांधल्यासारखा ठेवू नका. खांदा हळूहळू गोल फिरवा, बरं वाटतं. डोक्यावर वजन उचलणं, जोर काढणं मात्र दुखणं थांबेपर्यंत नको. मी तेव्हा पायांचे व्यायाम करते.

ताप, कणकण किंवा अंगदुखी असेल तर व्यायाम पूर्ण बंद. तापाची गोळी घेऊन धावायला जाऊ नका, कृपा करून. गोळीनं ताप उतरतो, शरीराचं काम चालूच असतं. पाणी भरपूर प्या.

छातीत दुखलं, धडधडलं, श्वास अपुरा वाटला, तर लगेच थांबा आणि डॉक्टरांकडे जा. कोविडच्या एमआरएनए प्रकारच्या (फायझर, मॉडर्ना यांच्या) लशीनंतर, विशेषतः तरुण मुलग्यांमध्ये, हृदयाच्या स्नायूला सूज आल्याच्या दुर्मीळ घटना आहेत. बहुतेक पहिल्या आठवड्यातल्या.