चार पानांत हेरकथा बसवताना या चुका टाळा

हेरगिरीची एखादी कार्टून मालिका पाहिली की तशीच चित्रकथा आपणही काढावी, असे पाचवी-सहावीतल्या मुलांना हमखास वाटते. मराठवाड्यातल्या मुलांकडून अशा चित्रकथा करून घेताना माझ्या लक्षात आले आहे की, त्यांचे घोडे चित्रकलेपाशी क्वचितच अडते. पडद्यावरची गोष्ट जशीच्या तशी कागदावर उतरवायला गेल्यामुळे ते अडते. हिशेब करून पाहा. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रे सरकतात, म्हणजे २२ मिनिटांच्या एका भागात ती ३१,६८० होतात. आपल्या हाती ए-४ कागद मधोमध दुमडून झालेली ४ पाने असतात आणि पानाला ६ चौकटी धरल्या, तरी एकूण २४ चौकटीच भरतात. पडद्यावरच्या एका सेकंदाइतक्या चित्रांत आपल्याला पूर्ण गोष्ट सांगायची असते.

म्हणून पाठलागावर पान खर्च करणे ही पहिली आणि सर्वांत महागडी चूक आहे. पळणारी मुलगी सहा वेळा काढली, तरी तिचा वेग वाढत नाही. हेरकथा चालते ती कोणाला काय ठाऊक आहे आणि कोणापासून काय लपले आहे, यावर. चिठ्ठी कोणी ठेवली, ती कोणी पाहिली आणि पाहिल्याचे कोणाला कळले नाही, या तीन गोष्टींना तीन चौकटी द्याव्यात. पळण्याला एक पुरते.

जागेसाठी आमच्याकडच्या मुलांना फार शोधावे लागत नाही. देवगिरीच्या किल्ल्यात खंदक आहे, उभा तासलेला कातळ आहे आणि वर जायला खडकात कोरलेली, वळणावळणांची अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट आहे. तरीही मुले नायिकेला बाहेरून दोर टाकून वर चढवतात, कारण मालिकेत तसे दिसते. असे केल्याने किल्ल्याची सारी ताकद वाया जाते. नायिकेला अंधारीतूनच जावे लागेल आणि हे शत्रूलाही ठाऊक असेल, तर गोष्ट आपोआप घट्ट होते. अंधारीत दिशेचाही घोटाळा होतो. एका चौकटीत डावीकडून उजवीकडे निघालेली मुलगी पुढच्या चौकटीत उजवीकडून डावीकडे जाताना दिसली, तर ती परत फिरली असेच वाचणाऱ्याला वाटते. वळण दाखवायचे असल्यास मध्ये एका चौकटीत तिला वाचकाकडे तोंड करून येताना काढावे. मग दिशा बदलली तरी चालते.

गुप्त संदेशाबद्दल मी थोडे अधिक लिहितो, कारण मुलांचा जीव त्यात सर्वांत जास्त रमतो आणि चुकाही तिथेच अधिक होतात. इंग्रजी अक्षरांना आकडे देण्याची पद्धत मराठीला लावली, की काना, मात्रा आणि जोडाक्षरे यांचे काय करायचे, हे कळेनासे होते. त्यापेक्षा प्रत्येक व्यंजनाऐवजी वर्णमालेतले पुढचे व्यंजन घ्यावे आणि बाराखडीच्या खुणा जागच्या जागी ठेवाव्यात. ‘देवगिरी’चे ‘धेशघिली’ होते. सुटे स्वर तसेच राहतात, जोडाक्षरातली दोन्ही व्यंजने बदलतात, म्हणून ‘उद्या’चे ‘उध्रा’ होते. ङ आणि ञ तक्त्यातून वगळावेत, नाहीतर ‘घर’चे ‘ङल’ होते आणि ते कुणाला उच्चारता येत नाही. ते वगळले, की ‘घर’चे होते ‘चल’! शत्रू चिठ्ठी वाचून निघून जातो आणि खरा अर्थ घरातच राहतो. एवढ्यावर एक आख्खे पान उभे राहते. मात्र नायिका तो संदेश उलगडण्याआधी तक्ता एखाद्या चौकटीत वाचकालाही दिसलेला असावा. युक्ती असो वा यंत्र, जे आधी दाखवलेलेच नाही, ते शेवटी कामी आले तर मुले सरळ सांगतात की ही फसवणूक आहे, आणि ती बरोबर असतात.

रहस्य उघडण्याची जागा कागदाची घडीच ठरवते. पान उलटले की २ आणि ३ ही दोन्ही पाने एकदम समोर येतात. तिसऱ्या पानाच्या तळाशी खरा चोर दाखवला, तर दुसरे पान वाचण्याआधीच तो नजरेस पडतो. लपवायचे ते दुसऱ्या किंवा चौथ्या पानाच्या पहिल्या चौकटीत ठेवावे.

संवाद लिहिताना मुले आधी फुगा काढतात आणि मग त्यात अक्षरे कोंबतात. मजकूर आधी लिहावा आणि फुगा त्याभोवती काढावा. देवनागरीत वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात, त्यामुळे दोन ओळींत जवळजवळ अक्षराच्या उंचीइतकी जागा सोडावी. जो आधी बोलतो, त्याचा फुगा डावीकडे आणि वर असावा. भाषा ऐकलेली असावी. ‘आपली मोहीम अद्याप पूर्ण झालेली नाही’ असे कोणतीही मुलगी अंधारीत कुजबुजत नाही. ‘थांब की, कुणीतरी यायलंय’ असे म्हणते.

झेरॉक्सच्या दुकानात आणखी एक घोळ उघड होतो. मालिकेतल्या नायिका पोशाखांच्या रंगांवरून ओळखू येतात, पण काळ्या-पांढऱ्या प्रतीत हिरवा आणि लाल दोन्ही करडे होतात. एकीला दोन वेण्या, दुसरीला चष्मा, तिसरीच्या खांद्याला शबनम पिशवी दिली, तर वेषांतरातही त्यातली एक खूण शिल्लक ठेवता येते. प्रत्येक पान ए-४ आकारात काढून निम्म्या कागदावर आणले, तर लांबी सुमारे ७१ टक्के उरते, म्हणजे ५ मिलिमीटरचे अक्षर साडेतीन मिलिमीटरचे होते. कडेला एक सेंटिमीटर कोरा सोडावा, कारण यंत्र कागदाच्या काठापर्यंत छापत नाही.

सरावासाठी मालिकेतली पात्रे वहीत काढणे वेगळे आणि ती छापून शाळेच्या मेळाव्यात विकणे वेगळे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार चित्रपटावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो, तेव्हा विकायच्या अंकात पात्रे, नावे आणि पोशाख स्वतःचेच हवेत.

प्रती काढण्यापूर्वी कच्चे पान गोष्ट ठाऊक नसलेल्या एखाद्या मुलाच्या हाती द्यावे, त्याला बोट ठेवून मोठ्याने वाचायला सांगावे आणि आपण गप्प राहावे. बोट जिथे मागे जाते, तिथे फुग्यांचा क्रम किंवा चौकटीची दिशा चुकलेली असते. बोट थांबून तो वर पाहतो आणि ‘ही कोण?’ असे विचारतो, तिथे खूण राहून गेलेली असते. ती चौकट त्याच्यासमोरच खोडून पुन्हा काढावी.