आयगेनव्हेक्टर आधी हाताने शोधू द्या

आयगेनव्हेक्टर म्हणजे मॅट्रिक्सने गुणल्यावरही आपल्याच रेषेवर राहणारा, शून्य नसलेला सदिश. ही व्याख्या फळ्यावर लिहिण्याआधी मुलांना जिओजेब्रा हे गणिताचं सॉफ्टवेअर उघडायला सांगा. ते मोफत आहे. पहिल्या ओळीत 2, 1 आणि दुसऱ्या ओळीत 1, 2 असा मॅट्रिक्स घ्या. आरंभबिंदूभोवती 1 त्रिज्येचं वर्तुळ काढा, त्यावर एक बिंदू ठेवा. आरंभबिंदूपासून त्या बिंदूपर्यंतचा सदिश आणि मॅट्रिक्सने गुणून मिळणारा सदिश, दोन्ही वेगळ्या रंगांत दाखवा. आता बिंदू माउसने फिरवा. दोन्ही बाण एका रेषेत कधी येतात, हे मुलांनीच शोधायचं. घाईने सांगू नका. 45 अंशांवर दुसरा बाण बरोबर तिप्पट होतो, 135 अंशांवर तो जराही बदलत नाही. मॅट्रिक्सची दुसरी ओळ 4, 2 केली की निश्चयक (डिटर्मिनंट, इथे 2×2 − 1×4) शून्य होतो आणि दुसऱ्या बाणाचं टोक एकाच रेषेवर मागेपुढे सरकत राहतं. आकडेमोड मग करा.