दवाखान्यातून घरी आणल्यावरचे पहिले तीन महिने

आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या माणसाला डिस्चार्ज मिळाला की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. धोका मात्र तेव्हा टळलेला नसतो. घरी आल्यावरचा पहिला आठवडा आणि पुढचे तीन महिने सगळ्यात नाजूक. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास पाहिले तर वर्षभरात साधारण सहा-सातांतला एक जण पुन्हा प्रयत्न करतो. तरीही वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आत्महत्या करत नाहीत, आणि या काळात घरच्यांनी काय केलं याने खरंच फरक पडतो.

इंदूरच्या एमवाय या सरकारी दवाखान्यात असा की खासगीत, मनोविकारतज्ज्ञांनी तपासल्याशिवाय पेशंटला घरी आणू नका. पोलिसांच्या धाकाने घरचे ‘चुकून झालं’ असं सांगतात. मग उपचारही चुकतात आणि मनोविकारतज्ज्ञांना कुणी बोलावतच नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 115 नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याच्यावर खटला चालवता येत नाही. दवाखाना पोलिसांना कळवेल, जबाबही होईल. खरं तेच सांगा.

घरी आणण्याआधी घर आवरा. विचार मनात येणं आणि कृती होणं यात पुष्कळदा काही मिनिटांचंच अंतर असतं. तेवढा वेळ हाताशी काही नसलं तर लाट ओसरते. आजीच्या बीपीच्या गोळ्या, उंदराचं औषध, शेतीची औषधं घराबाहेर, नातेवाइकांकडे ठेवा. कपाटाला कुलूप घालून किल्ली देवघरामागच्या खिळ्याला अडकवली, तर ती घरात सगळ्यांना ठाऊकच असते. पेशंटची औषधं आठवड्यापुरतीच आणा, एकाच माणसाने हातात द्यावी. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून ‘काही फरक नाही’ म्हणत मध्येच बंद करू नका. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींमध्ये सुरुवातीला अस्वस्थता किंवा निद्रानाश वाढला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

पहिली फेरतपासणी सात दिवसांच्या आत व्हायला हवी. ही तारीख डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या.

आता सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय: ठरलेल्या दिवशी विचारपूस. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांतल्या पाच ठिकाणी 1867 पेशंटांवर हे करून पाहिलं. दवाखान्यात तासभर समजावणं आणि नंतर नऊ वेळा फोन किंवा भेट, एवढंच. 2008 साली निष्कर्ष छापून आले. नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात दीड वर्षात आत्महत्येने गेलेले 2.2 टक्के, विचारपूस झालेल्या गटात 0.2 टक्के. तिथे हे काम प्रशिक्षित माणसं करत होती, पण वेळापत्रक घरीही वापरता येतं: पहिला, दुसरा, चौथा, सातवा, अकरावा आठवडा, मग चौथा, सहावा, बारावा, अठरावा महिना. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच खुणा करा. फोन करणारं माणूस एकच असावं, पेशंटनेच निवडलेलं. मावशी चालेल, मित्रही चालेल. दोन महिन्यांनी ‘आता बरा आहे’ म्हणून फोन थांबतात, तसं होऊ देऊ नका.

बोलायचं काय? ‘झोप लागते का? जेवलास का?’ इथून सुरू करा, मग सरळ विचारा: ‘पुन्हा जीव द्यावासा वाटतं का?’ असं विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. ‘आमचं तोंड काळं केलंस’ हे वाक्य घरात कुणीही, रागातसुद्धा, उच्चारू नये. पेशंटला त्याच्याच अक्षरात एक कागद लिहायला सांगा: बिघडायला लागलं की आधी काय जाणवतं, तेव्हा काय केल्याने बरं वाटतं, कुणाला हाक मारायची. खाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, 14416. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात.

‘हो, वाटतं’ असं उत्तर आलं तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नका. काही ठरवलंय का, हे विचारा आणि सकाळची वाट न पाहता तातडीच्या विभागात घेऊन जा.