साठीपुढच्या डोळ्याचा ईआरजी: काढायचा कसा, वाचायचा कसा

ईआरजी (इलेक्ट्रोरेटिनोग्राम) म्हणजे उजेडाच्या झटक्याला डोळ्याचा पडदा, म्हणजे रेटिना, जो विद्युत प्रतिसाद देतो त्याचा आलेख. सत्तरीतल्या माणसाचा ईआरजी तिशीतल्या माणसाच्या आलेखाशेजारी ठेवला, तर तो बुटका दिसणारच. वयानुसार रेटिनाच्या विद्युत लाटांची उंची कमी होते आणि त्यांची शिखरंही काही मिलिसेकंद उशिरा येतात. त्यावरून लगेच ‘पडदा खराब’ असा शेरा मारायचा नाही. ही तपासणी करताना मी वयस्क पेशंटसाठी काय जपते, ते सांगते.

आधी बाहुली. थेंब घालूनही वयस्कांची बाहुली पुष्कळदा पुरती पसरत नाही, शिवाय आतलं भिंग पिवळसर झालेलं असतं. म्हणजे मुळात पडद्यापर्यंत उजेडच कमी पोचतो. म्हणून बाहुली पट्टीने मोजा आणि मिलिमीटरचा आकडा रिपोर्टवर लिहा. फार कमी जण लिहितात आणि मग दोष रेटिनाच्या माथी येतो.

मग अंधार. फ्लॅश देण्याआधी पेशंटला किमान २० मिनिटं अंधारात बसवा, आणि इथे घाई अजिबात नको. म्हातारपणी दंडपेशींमधलं (अंधारात बघणाऱ्या पेशींमधलं) रोडॉप्सिन, म्हणजे उजेड टिपणारं रंगद्रव्य, पुन्हा भरायला जास्त वेळ लागतो. खोलीत आल्याआल्या काकांचा मोबाइल आणि चमकणारं घड्याळ बाहेर ठेवायला लावा. मध्येच कुणी दार उघडलं तर वेळ पहिल्यापासून मोजा. त्याआधी पडद्याचे फोटो काढले असतील, तर अर्धा तास साध्या उजेडात बसवून मगच अंधार सुरू करा.

डोळ्यातले विद्युत संकेत टिपणारा इलेक्ट्रोड मी धाग्याचा वापरते. कोरड्या डोळ्यांना तो कमी टोचतो. मात्र पापणी सैल असेल तर आजींनी दोनदा जोरात डोळे मिटले की धागा खाली सरकतो आणि लाट निम्मी होते. म्हणून प्रत्येक पायरीचे निदान दोन आलेख एकावर एक बसतात का ते बघा. अंधारातल्या मंद फ्लॅशमध्ये किमान २ सेकंद, नेहमीच्या प्रखर फ्लॅशमध्ये किमान १० आणि त्याहून प्रखर फ्लॅशमध्ये किमान २० सेकंद अंतर ठेवा.

आता वाचन. पहिली खाली जाणारी ‘ए’ लाट मुख्यतः प्रकाशग्राही पेशींची, नंतर वर चढणारी ‘बी’ मुख्यतः त्यांच्याकडून संदेश पुढे नेणाऱ्या बायपोलर पेशींची. ‘बी’ची उंची ‘ए’च्या तळापासून मोजायची, शून्य रेषेपासून नाही. नवीन मुलं हमखास इथे घसरतात.

वयाचा परिणाम साधारण दोन्ही डोळ्यांत सारखा असतो. दंडपेशी शंकूपेशींपेक्षा (उजेडात, रंग बघणाऱ्या पेशींपेक्षा) जास्त झिजतात, म्हणून अंधारातला आलेखही बघायचा. पण प्रखर फ्लॅशला ‘बी’ लाट ‘ए’पेक्षा लहान निघाली, एकच डोळा मागे पडला, किंवा ३० हर्ट्झ फ्लिकरचं (सेकंदाला ३० वेळा लुकलुकणाऱ्या उजेडाच्या प्रतिसादाचं) शिखर ठळकपणे लांबलं, तर वयाचं कारण पुढे करू नका. डॉक्टरांना लगेच दाखवा.

तुलना करायची ती आपल्याच मशीनवर, त्याच इलेक्ट्रोडने, त्याच वयोगटातल्या निरोगी डोळ्यांशी. त्वचेवरच्या इलेक्ट्रोडने येणारे मायक्रोव्होल्ट कितीतरी कमी असतात, तेव्हा पुस्तकातला आकडा उचलून चालत नाही.

आणि एक. हा ईआरजी म्हणजे अख्ख्या पडद्याची बेरीज. मॅक्युलाचा, म्हणजे पडद्याच्या मधल्या बारीक बघणाऱ्या जागेचा, छोटासा भाग बिघडला तरी बेरीज नॉर्मल येऊ शकते. आजी म्हणत असतील की अक्षरं मधूनच पुसली जातात, तर मल्टिफोकल ईआरजी, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाचा तुकड्या-तुकड्याने काढलेला आलेख, सुचवा. चष्म्याचा योग्य नंबर लावून आणि नजर मधल्या खुणेवर टिकते आहे याची खात्री करूनच तो काढायचा.