जुन्या मोटारसायकलचा ऑइल फिल्टर बसवताना वॉशर सांभाळा

हल्लीच्या बऱ्याच गाड्यांना अख्खा फिल्टर हाताने फिरवून बसतो. जुन्या गाड्यांत मात्र आत कागदी फिल्टर, त्यावर ॲल्युमिनियमचं कव्हर आणि कव्हरमधून आरपार जाणारा एकच लांब बोल्ट असतो. १९६९ साली आलेल्या होंडा सीबी७५० ची रचना अशीच आहे. मी लिहितोय ते या प्रकाराबद्दल. त्याच काळातल्या दोन सिलिंडरच्या सीबी३५० मध्ये कागदी फिल्टर नसतोच. तिथे सेंट्रिफ्यूगल फिल्टर (गरगर फिरून गाळ कडेला फेकणारा) आणि जाळी असते, ती फक्त साफ करायची. तेव्हा आपल्या इंजिनात काय आहे ते आधी मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

इंजिन थोडा वेळ चालवून कोमट करा, म्हणजे ऑइल पातळ होतं आणि गाळ घेऊन बाहेर येतं. ट्रे लावून ड्रेन प्लग, म्हणजे इंजिनखालचं ऑइल सोडायचं बूच, काढा. मग फिल्टरचा बोल्ट. त्याचं डोकं लहान असतं आणि बहुतेक वेळा आधीच्या कुणीतरी ते जीव खाऊन आवळलेलं असतं. साधा पाना नको. सहा कोपऱ्यांचं सॉकेट पूर्ण आत बसवा आणि एका हाताने दाबून धरत सोडवा. डोक्याचे कोपरे झिजले की पंधरा मिनिटांच्या कामाला अख्खा दिवस जातो.

कव्हर हातात आलं की मात्र सावकाश घ्या. जुना फिल्टर बाहेर काढा आणि त्याची स्प्रिंगकडची बाजू उजेडात धरा. स्प्रिंग आणि फिल्टर यांच्यामध्ये एक पातळ वॉशर असतो. ऑइलमुळे तो फिल्टरला असा चिकटतो की फिल्टरचाच भाग वाटावा. कडेला नख घालून बघा, अलगद सुटून येतो. कितीतरी गाड्यांचा हा वॉशर जुन्या फिल्टरबरोबर कचऱ्यात गेलेला असतो. गाडी सेकंडहँड घेतली असेल तर तो मुळातच नसेल, म्हणून पार्ट्सच्या आकृतीशी पडताळून पाहा. नसेल तर आधी तो मिळवा, मगच पुढचं काम.

लावायचा क्रम असा: बोल्ट कव्हरमधून आत, त्यावर स्प्रिंग, मग वॉशर, मग फिल्टर. वॉशर नसला तर स्प्रिंग थेट फिल्टरच्या मधल्या रबरावर दाबते, रबर फाटतं आणि ऑइल कागदातून न जाता त्या फटीतून निसटतं. बाहेर एक थेंब गळत नाही. ऑइलचा दाब कमी झाल्यावर लागणारा दिवाही विझलेला असतो. गाडी छान चालते आणि न गाळलेलं ऑइल बेअरिंगपर्यंत जात राहतं. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि गिअरलाही तेच ऑइल असतं, म्हणजे त्यांच्या झिजेचा चुराही त्यातच. गळती दिसते तरी, हे दिसत नाही, म्हणून मी या एका वॉशरबद्दल इतकं आग्रहाने सांगतोय.

बोल्ट पोकळ असेल तर त्याची भोकं रॉकेलने धुऊन, वाळवून घ्या. काही गाड्यांत बायपास व्हॉल्व्ह (फिल्टर तुंबला तर ऑइलला दुसरी वाट देणारी झडप) त्यातच असतो.

कव्हरची मोठी ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारी रबरी कडी, दर वेळी नवीनच लावा. जुनी कडक आणि चपटी होऊन खाचेच्या तळाशी बसलेली असते, रंगावरून पटकन ओळखू येत नाही. लाकडी काडीने खाच पूर्ण फिरवून बघा. स्क्रू-ड्रायव्हर घालू नका, ॲल्युमिनियमवर चरे पडतात. एकावर एक दोन ओ-रिंगा बसल्या तर गळती ठरलेली. नवीन रिंगेला ऑइलचा हात लावा, पीळ न पडता बसवा. बोल्टच्या डोक्याखालची छोटी ओ-रिंगही बदला.

बोल्टचे पहिले आटे हातानेच लावा. मग टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) मॅन्युअलमधल्या आकड्याइतकंच आवळा. ॲल्युमिनियममधले आटे गेले तर दुरुस्ती महागात पडते.

ड्रेन प्लग लावून ऑइल भरा आणि इंजिन रेस न करता चालू करा. दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे, नाही विझला तर लगेच बंद करा. फिल्टरमध्ये थोडं ऑइल मुरतं, त्यामुळे नंतर पातळी पुन्हा तपासा. वेगळी ऑइल टाकी असलेल्या गाडीत ही पातळी इंजिन चालवून झाल्यावरच बघायची.

जुना फिल्टर लगेच टाकू नका. कापून कागदाच्या घड्या उलगडा, चुंबक फिरवा. चुंबकाला लागेल ते पोलाद, न लागणारी चमक ॲल्युमिनियमची किंवा साध्या बेअरिंगच्या मऊ धातूची. अशी चमक भरपूर दिसली तर गाडी चालवण्याआधी इंजिन उघडून बघा.